भिंतीवरची वाटी

दुपारचे दोन वाजून गेले की शालनच्या पडवीत ऊन येतं. पौषातलं ऊन, पांघरुणासारखं अंगावर ओढून घ्यावंसं वाटणारं. ती कॉटवर एका कुशीला पडलेली आहे. झोप आलेली नाही आणि जागेपणही धड उरलेलं नाही. कुठेतरी कुकरची शिट्टी होते. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत जातो आणि लांब जाता जाता त्याची आरोळी वर्गातल्या बाराखडीसारखी ऐकू यायला लागते. आता डोळा लागणार, असं शालन मनाशी म्हणते. पोटात काही नसलं की झोपसुद्धा अशीच येते, पातळ आणि भोकाभोकांची.

सकाळपासून तिनं दोन कप चहा आणि तीन खाऱ्या एवढंच घेतलंय. मघाशी बाराला पुण्याहून धैर्यशीलचा फोन आला होता.

'जेवलीस का आई?'

'जेवले की.'

'काय केलं होतंस?'

'वरण-भात. आणि दोडका.'

दोडका म्हणताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही. चौतीस वर्षं तिनं शाळेतल्या पोरांना खोटं बोलल्याबद्दल कोपऱ्यात उभं केलं होतं, आणि गेल्या एकवीस दिवसांत तिला स्वतःला खोटं बोलायचा छान सराव झाला होता. मुलगा म्हणाला, 'बरं. रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. फार सामान बांधू नकोस. कपडे आणि औषधं घे. घराचं काय करायचं ते मागनं बघू.' ती म्हणाली, 'तुम्ही म्हणाल तसं.' फोन ठेवल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. नवऱ्यालाही तिनं कधी हे वाक्य ऐकवलं नव्हतं.

'शालन.'

हाक भिंतीच्या पलीकडून येते. शालन डोळे उघडत नाही. तो आवाज उघड्या डोळ्यांनी ऐकू येणारा नाही, हे तिला आतून ठाऊक आहे.

तासगावच्या शिक्षक कॉलनीत शालनचं घर आणि हौसाचं घर यांच्यामध्ये छातीएवढी एकच भिंत आहे. शालन जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. हौसा सरकारी दवाखान्यात नर्स होती. सगळं गाव तिला शिस्टर म्हणायचं, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला होता. शालनचा नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला, तेव्हा महिनाभर शालन अशीच चहा-खारीवर राहिली होती. एक दिवस हौसा भिंतीवरून डोकावून म्हणाली, 'तुझ्या स्वयंपाकघरातनं फोडणीचा वास का येत नाही गं?'

'एकटीसाठी कुठं पेटवायचा गॅस,' शालन म्हणाली.

'मग माझ्यासाठी पेटव.'

तिथून ते सुरू झालं. भिंतीच्या माथ्यावर हौसानं गवंड्याकडून शहाबादी फरशीचा हातभर तुकडा बसवून घेतला. रोज सकाळी दहाच्या आत दोघींनी एकेक भाजी करायची. एकीनं वाटी भरून फरशीवर ठेवायची, वर झाकण, झाकणावर मांजरासाठी दगड. दुसरीनं ती घरात नेऊन रिती करायची, धुवायची आणि आपली भाजी घालून परत ठेवायची. रिकामी वाटी शेजारी पाठवायची नाही, ही रीत दोघींच्या आयांनी घालून दिलेली. भाजी नसेल त्या दिवशी चिमूटभर साखर, दोन आवळे, काहीही; पण रिकामी नाही. आणि शिळं नाही. दहापर्यंत वाटी दिसली नाही तर हाक न मारता सरळ आत यायचं. वाटी दिसली की समजायचं, बाई उठली, तिची अंघोळ झाली, ती ओट्यापाशी उभी राहिली.

बाकीचे नियम हौसाचे. दात घासताना भिंतीला हात लावून एका पायावर वीस मोजायचे. परकर उभ्यानं घालायचा नाही, खुर्चीवर बसून घालायचा. न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही. 'लाज कुणाची धरायची या वयात?' ती म्हणायची. 'पडलो तर दार फोडायला लोक आणायचे का?' शालन कुरकुर करायची आणि ऐकायची. नऊ वर्षं ती खाली पडली नाही, तिला साधी कणकणसुद्धा फारशी आली नाही. दोघी आपापल्या घरात, आपापल्या किल्ल्या कमरेला लावून राहिल्या.

एकवीस दिवसांपूर्वीच्या त्या शुक्रवारी वाटी फरशीवर होती. नेहमीसारखी झाकलेली, वर दगड. शालननं ती आत नेली, झाकण काढलं. वांग्याची भाजी. कडेनं कोरडी पडलेली, आणि वास आंबूस. आदल्या दिवशीची होती. शालनला असा राग आला की विचारू नका. कालच आपण हिच्यासाठी अळू चिरून हात खाजवून घेतले, आणि ही मला शिळं देते? तिनं भाजी गाईच्या बादलीत टाकली आणि वाटी धुऊन ओट्यावर पालथी घातली. आज आपली भाजी पाठवायचीच नाही. येऊ दे तिला विचारत. दुपार गेली, हौसा आली नाही. शालनचा राग आणखी वाढला. दिवेलागणीला हौसाच्या ओसरीवरचा दिवा लागला नाही, तेव्हा मात्र ती पदर खोचून धावली. न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. कडी नव्हती. एक बोट लावलं तरी उघडलं असतं.

डॉक्टर म्हणाले, सकाळी सहाच्या सुमाराला पडल्या असतील. दुपारपर्यंत तरी जीव होता.

'शालन, ऐकू येत नाही का गं? की अजून फुगून बसलीस?'

शालन भिंतीपाशी उभी आहे. कॉटवरून उठून आल्याचं तिला आठवत नाही. भिंत आज कमरेपर्यंतच आहे, आणि बघता बघता गुडघ्यापर्यंत येते. पलीकडे हौसा घेवड्याच्या वेलात हात घालून शेंगा तोडते आहे. अंगावर नेहमीचंच नऊवारी पातळ, हिरव्या काठाचं, आणि पायांत दवाखान्यातले पांढरे बूट. केस न्हाल्यासारखे ओले आहेत. ओच्यातून शेंगा सांडताहेत.

'काय अवतार केलायस मास्तरीणबाई! वेणी नाही, फणी नाही.'

'घरात कोण बघतंय,' शालन म्हणते. आवाज रोजचाच निघतो.

'मी बघते की. बस.'

त्या दोघी भिंतीवर बसतात, पोरींसारखे पाय सोडून. शालनला आपले पाय दिसतात, खाली जमीन दिसत नाही. ती घाबरून म्हणते, 'पडशील गं.'

हौसा हसते. 'आता काय पडायचं राहिलंय?'

मधल्या फरशीवर शेंगांचा ढीग पडतो. हौसा एक शेंग शालनच्या हातात देते. 'मोड. जेवलीस का?'

'जेवले की.'

'काय खाल्लंस?'

'दोडका.'

'असं! दोडका. माझा वेल तुझ्या परसात लोंबतोय, शेंगा निबर व्हायला लागल्या, आणि तू दोडका खातेस. कुठल्या बाजारातनं आणलास? कोण आणून देतंय तुला? धैर्या पुण्याहून पाठवतो का पाकिटातनं?'

शालन खाली शेंगेकडे बघते. ती शेंग मोडते. शेंग मधेच तुटते आणि शीर तशीच राहते.

'नऊ वर्षं झाली, तुला शीर काढता येत नाही. खडू धरल्यासारखी शेंग धरतेस. अशी. टोकाला नख लावायचं, मोडायचं, आणि सावकाश ओढत खाली न्यायचं. घाई केलीस की तुटते. आता दुसऱ्या बाजूनं.'

हौसा तिचा अंगठा आपल्या बोटांत धरते. बोटं थंड नाहीत. ऊनही नाहीत. दवाखान्यात सुई टोचण्याआधी दंडाला लावायच्या कापसासारखी, क्षणभरच कळणारी. शालन नख लावते आणि ओढते. शीर निघते, हिरवी, लांब, आणि निघतच राहते. हातभर होते, वावभर होते, भिंतीवरून खाली उतरते, शहाबादी फरशीवरून पुढे सरकते. ती शाळेच्या ओसरीवरची फरशी आहे.

तिसरीचा वर्ग. खिडक्यांच्या गजांतून खूप ऊन येतंय आणि फळ्यावर काहीच लिहिलेलं नाही. शालनच्या टेबलावर स्टोव्ह पेटलाय. त्यावर हौसा सुया उकळते आहे, चाळीस वर्षांपूर्वी लस टोचायला यायची तेव्हा उकळायची तशा. दारापासून रांग लागली आहे. पोरांची रांग असणार म्हणून शालन बघते, तर सगळ्या म्हाताऱ्या आहेत. बाह्या वर करून, हातांत कापडी पिशव्या धरून, गुमान उभ्या. तिसऱ्या आळीतली जाऊबाई, पोस्टातल्या मास्तरांची बायको, न्हावीणकाकू. कुणी पुढे बघत नाही. कुणी रडत नाही.

हौसा हजेरी घेते आहे. एकेक नाव घेते, एकेक हात वर होतो. मग ती म्हणते, 'शालन.'

शालनला हजर म्हणायचंय. तोंड उघडतं, शब्द येत नाही.

'शालन, हजर आहेस का नाहीस?'

'ते मला कळेना झालंय,' शालन म्हणते, आणि तिला रडू फुटतं. 'धैर्या रविवारी येतोय. मी जाणार त्याच्याकडे. इथं मला होत नाही आता.'

'होत नाही, का करत नाहीस?'

'कशाला करू?'

हौसा स्टोव्ह बारीक करते. टेबलावर तिचा मिसळणाचा डबा आहे, आत सात लहान वाट्या. त्यांत मोहरी, हळद नाही. मधल्या वाटीत रविवारच्या आणि भोवतीच्या सहांत सोमवार ते शनिवारच्या अशा रक्तदाबाच्या गोळ्या ती मोजून ठेवायची. शालन आत वाकून बघते. एकवीस दिवसांपूर्वी तिनं हौसाच्या घरात हा डबा उघडला होता, तेव्हा दिसलं होतं तेच दिसतं. सोमवार, मंगळवार रिकामे. बुधवार, गुरुवार, शुक्रवार भरलेले. शनिवारही भरलेला, पण त्याचं काय.

'का नाही घेतल्यास?'

'चक्कर येत होती. म्हटलं गोळीच जास्त होतेय. बंद करून बघितली.'

'डॉक्टरला न विचारता?'

'शिस्टर ना मी!' हौसा जोरात हसते, आणि रांगेतल्या म्हाताऱ्याही तोंडाला पदर लावून हसतात. मग हौसाचं हसू मावळतं. 'तीस वर्षं लोकांना सांगितलं, आपल्या मनानं गोळी सोडू नका. मला ते सांगायची वेळ कुणावर आली नाही.'

'मी होते की. मला का नाही सांगितलंस?'

'तुला? तू तासाभरात माझ्या पुतण्याला फोन लावला असतास. त्यानं मला उचलून मिरजेला नेलं असतं. मागच्या खोलीत एक कॉट, आणि सकाळ-संध्याकाळ काकू पडू नका, काकू उठू नका. मला माझ्या घरात राहायचं होतं.'

'म्हणून लपवलंस?'

'लपवलं. गुरुवारी रात्री डोकं गरगरायला लागलं. म्हटलं सकाळी उठवलं नाही आणि वाटी दिसली नाही, तर ही धावत येणार आणि सगळं बाहेर फुटणार. म्हणून ती रात्रीच फरशीवर नेऊन ठेवली. झाकण, दगड, सगळं नीट.' ती थांबते. 'वांगं आंबलं होतं ना?'

शालन मान हलवते.

'तुला कळणार हे मला ठाऊक होतं. तुझ्या नाकाला सगळं कळतं. पण मला वाटलं, तू भांडायला येशील.'

हे ऐकल्यावर शालनच्या पायांखालचं काहीतरी निसटतं. रांग नाही, स्टोव्ह नाही. वर्गाचं दार समोर आहे, पण ते वर्गाचं नाही. पत्र्याचं, हिरवा रंग उडालेलं, खालून गंजलेलं. हौसाच्या न्हाणीघराचं. बाहेर सकाळ आहे. त्या शुक्रवारची सकाळ. दार नुसतं लोटलेलं आहे, आणि फटीतून पाण्याचा एक ओघळ बाहेर येतोय.

'ढकल,' आतून हौसा म्हणते.

'मला ढकलवत नाही.'

'कडी नाहीये गं.'

'माहीत आहे मला. कडी नव्हती, म्हणूनच तर ढकलवत नाही.'

कुठूनतरी गाणं ऐकू येतं. भावगीत, मग बातम्या, मग शेतकऱ्यांसाठी हवामान. शालन आवाज ओळखते. हा तिच्या स्वयंपाकघरातला रेडिओ आहे. ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितलेली नाही, धैर्याला नाही, डॉक्टरला नाही, तेराव्याला आलेल्या माणसांना नाही.

'हौसा,' ती दाराला कपाळ टेकवून म्हणते, 'त्या दिवशी मी रेडिओ मोठा केला होता. मुद्दाम. तू भिंतीपाशी येऊन हाक मारशील, आणि मला ओ द्यायची नव्हती. ऐकूच आलं नाही, असं म्हणता यावं म्हणून.'

पाण्याचा ओघळ शालनच्या पायाला लागतो.

'तू हाक मारली होतीस का?'

'मारली होती.'

'किती वेळा?'

'दोनदा.'

शालन दाराला धरून खाली बसते. एकवीस दिवस ती हेच विचारत होती, ओट्याला, पालथ्या वाटीला, छताला. उत्तर असंच येणार हे तिला माहीत होतं.

'तिसऱ्यांदा नाही मारली,' हौसा म्हणते. आवाज आता अगदी जवळून येतो, दाराच्या दुसऱ्या अंगाला तीही टेकून बसल्यासारखा. 'तुझा रेडिओ ऐकू येत होता. ती बातम्यांवाली बाई, नेहमीचीच, नाकात बोलणारी. मला हलता येत नव्हतं. पण म्हटलं, शालन घरात आहे. ओट्यापाशी आहे. भाजी करत असेल.'

'नव्हते करत.'

'मला काय ठाऊक. मला वाटलं, करते आहे. वाटी धुते आहे. मग मी तोच आवाज धरून पडून राहिले. बरं वाटत होतं. रेडिओ बारीक असता तर एकटी असते गं मी.'

शालन पत्र्यावर तळहात ठेवते. ढकलत नाही. पलीकडूनही कुणीतरी हात ठेवलाय, एवढं कळतं. किती वेळ तशा बसतात, ते या ठिकाणी मोजता येत नाही.

'मला क्षमा कर.'

'लपवलं ते मी. रुसलीस ती तू. आता भांडायला तरी काय उरलंय?' मग नेहमीच्या करड्या आवाजात, 'पण तू आता दोन्ही करायला लागलीस. माझ्यासारखी लपवतेस आणि तुझ्यासारखी रुसतेस. दोडका म्हणे! वाटी कुठाय माझी?'

'ओट्यावर पालथी आहे.'

'परत का नाही केलीस?'

'रिकामी कशी देऊ?'

'मग भर.'

'कुणासाठी भरू हौसा? पलीकडे कुलूप आहे.'

'माझ्यासाठी. दहाच्या आत फरशीवर ठेवायची, झाकण घालून.'

'तू कुठं येणार आहेस खायला?'

'मी नाही यायची,' हौसा म्हणते. एवढं एक वाक्य ती हळू बोलते. 'संध्याकाळी तूच उचलायची आणि तूच खायची. दगड ठेवायला विसरू नकोस, तो बोका अजून फिरतो.'

'हौसा, दार उघडू का?'

'नको. मी अंघोळीला बसलेय.'

दोघींनाही हसू येतं. शालन हसता हसता दाराची कडा चाचपते, पण तिथं दार नाही, घेवड्याची पानं आहेत, खरखरीत आणि उन्हानं तापलेली. शाळा सुटल्याची घंटा व्हायला लागते. लांबच लांब. पोरं दप्तरं उचलून पळत सुटतात, त्यांच्यात पांढरे बूट घातलेलं कुणीतरी आहे. शालन ओरडते, 'हळू जा, पडशील!' आणि घंटा थांबत नाही.

फोन वाजतोय.

शालन कॉटवर उठून बसते. ऊन पायांवरून सरकून भिंतीवर गेलंय. उशी ओली आहे. ती चाचपडत फोन उचलते आणि कानाला लावते.

'आई? अगं किती वेळ वाजतोय. झोपली होतीस का?'

'हं.'

'मी विचारत होतो, रविवारी आठला निघालो तर चालेल ना? तुझं आवरलेलं असेल? आणि आवाज असा का येतोय? बरं आहे ना सगळं?'

'बरं आहे' हे शब्द तिच्या ओठांवर तयारच असतात. एकवीस दिवसांचा सराव. पण त्याच वेळी तिचं लक्ष मांडीवरच्या मोकळ्या हाताकडे जातं. अंगठ्याच्या नखाखाली हिरवं काहीतरी अडकलंय. ती हात डोळ्यांजवळ आणते. चष्मा नाही, तरी दिसतं. घेवड्याची शीर. बोटाच्या पेराएवढी, ओली, टोकाला किंचित वळलेली. घरात एकवीस दिवसांत भाजीचं पान आलेलं नाही.

'आई?'

'धैर्या,' ती म्हणते, 'मी जेवलेले नाही.'

'म्हणजे? अगं पण मघाशी तू...'

'दोडका नव्हता. वरण-भातही नव्हता. हौसा गेल्यापासून मी चहा-खारीवर आहे. परवा जिन्यापाशी डोळ्यांपुढं अंधारी आली, तेही तुला सांगितलं नाही.'

मग मुलगा म्हणतो, 'मी आत्ता निघतो.'

'आत्ता नको. रविवारीच ये. पण मला न्यायला नको, जेवायला ये.'

'आई, हे असं ऐकल्यावर मी तुला तिथं एकटीला कसं ठेवू?'

'ते आल्यावर भांड माझ्याशी. समोरासमोर. मी उद्या डॉक्टरांकडे जाऊन येते, ते काय म्हणतील ते जसंच्या तसं सांगते तुला. रोज दहाला फोन कर आणि काय शिजवलंय ते विचार. मी फोटो पाठवीन, तू शिकवलायस तसा. आणि न्हाणीघरात धरायला दांडी बसवून देणारा कुणी मिळतो का बघ. स्टीलची. भक्कम हवी.' तिचा श्वास फुलतो. ती थांबते. 'आणखी एक आहे. त्या दिवशी रेडिओ मी मुद्दाम मोठा केला होता.'

'कुठला रेडिओ?'

'सांगते. रविवारी सांगते. सगळं सांगायचंय.'

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात जाते. ओट्यावर वाटी पालथी आहे. तिच्या कडेला ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं, सौ. हौसाबाई रा. शिंगटे. ती वाटी सुलटी करते. आत एकवीस दिवसांचा कोरडेपणा आहे, दुसरं काही नाही. ती वाटी धुते, पुसते आणि परसात भिंतीपाशी जाऊन उभी राहते. भिंत छातीएवढीच आहे. पलीकडे कुलूप आहे. वेल माथ्यावरून अलीकडे लोंबतोय, खालच्या शेंगा निबर झाल्यात, वरच्या अजून कोवळ्या आहेत. तिच्या कमरेएवढ्या उंचीवर एक देठ नुकताच मोडल्यासारखा ओला दिसतो. शालन तो बघते आणि फार वेळ बघत नाही.

ती कोवळ्या शेंगा तोडून पदरात घेते. दहा केव्हाच वाजून गेलेत. आज भाजी भिंतीवर ठेवून उपयोग नाही, लगेच उचलावीच लागेल. तरी ती एकदा फरशीवर ठेवायची, दगडासकट. मग आपल्याच हातानं आत आणायची आणि ताटात घ्यायची. हे आता रोज असंच व्हायचं आहे, आणि पलीकडून कुणी कधी झाकण उचलायचं नाही, हेही तिला स्वच्छ कळतंय.

पडवीच्या पायरीवर बसून ती पहिली शेंग हातात घेते. टोकाला नख लावायचं म्हणून अंगठा पुढे करते आणि थांबते. नखातली शीर अजून तिथंच आहे. ती काढून टाकायला तिचं मन होत नाही. मग ती शेंग डाव्या अंगठ्यानं मोडते, घाई न करता, सावकाश ओढत.